‘मी’ कोणाचा? : इंग्रजीतील प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष कथन

इंग्रजी व्याकरणातील काही प्रकरणे अशी आहेत की, त्यांचे नियम विद्यार्थी तोंडपाठ म्हणून दाखवितात. परंतु प्रत्यक्ष वाक्य समोर आले म्हणजे गोंधळतात. डायरेक्ट आणि इनडायरेक्ट स्पीच, म्हणजेच प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष कथन, हे त्यांपैकी एक होय. ‘विल’चे ‘वुड’ करावे, ‘टुमॉरो’चे ‘द नेक्स्ट डे’ करावे, अवतरणचिन्हे काढून ‘दॅट’ घालावे, हे सर्वांना ठाऊक असते. हे बदल का करावयाचे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. कारण कळले नाही म्हणजे नियम ओझे होतो आणि परीक्षेच्या घाईत ते ओझे प्रथम खाली पडते. म्हणून या लेखात आधी कारण पाहू आणि मग नियमांकडे वळू.

मराठीची रीत

दुसऱ्याचे बोलणे तिसऱ्याला सांगणे हा माणसाचा नित्याचा व्यवहार आहे. निवासी शाळेत तर तो दिवसातून अनेकदा घडतो. घरून दूरध्वनी येतो, अधीक्षक तो घेतात आणि निरोप देतात, ‘तुझी आई म्हणाली की मी रविवारी येते.’ या वाक्यातील ‘मी’ कोण? शब्दशः पाहिले तर बोलणारे अधीक्षक. पण एकही विद्यार्थी असा अर्थ घेत नाही. ‘मी’ म्हणजे आई, हे मराठी कानाला आपोआप समजते.

याचे कारण असे की, मराठीत निरोप सांगणारा माणूस मूळ वक्त्याला क्षणभर आपले तोंड उसने देतो. वक्त्याचा ‘मी’, वक्त्याचा ‘येते’ हा काळ, वक्त्याचा ‘उद्या’, हे सारे तो जसेच्या तसे ठेवतो. ‘की’ मागे लावून किंवा ‘असे’ पुढे जोडून बोलणे कोणाचे आहे, एवढीच खूण तो करतो. ‘मी येतो, असे तो म्हणाला’ हे वाक्य अर्ध्याहून अधिक प्रत्यक्ष कथनच आहे.

ही रीत जुनी आहे. संस्कृतात बोलणे संपले की ‘इति’ येते. पालीत त्याचेच संक्षिप्त रूप ‘ति’ येते. तिपिटकातील सुत्तांमध्ये भगवान बुद्धांची व भिक्खूंची वचने बहुधा प्रत्यक्ष कथनातच आहेत आणि प्रत्येक वचनाच्या शेवटी हा ‘ति’ पहारेकऱ्यासारखा उभा असतो. मराठीतही तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, तेव्हा संवाद प्रत्यक्ष रूपातच राखले. अशा वळणाच्या भाषेत वाढलेल्या मुलाला इंग्रजीची रीत परकी वाटली, तर त्यात त्याच्या बुद्धीचा दोष नाही.

इंग्रजीची रीत

इंग्रजीत दोन वाटा स्पष्टपणे वेगळ्या आहेत. पहिल्या वाटेने गेल्यास मूळ शब्द अवतरणचिन्हांत जसेच्या तसे द्यावयाचे. दुसऱ्या वाटेने गेल्यास निवेदकाने स्वतःच्या जागी, स्वतःच्या वेळेत उभे राहून सर्व वाक्य स्वतःच्या दृष्टीने सांगावयाचे. एक पाय या वाटेवर आणि एक त्या वाटेवर, हे इंग्रजीला चालत नाही.

आजारी मित्राला घेऊन दवाखान्यात गेलेला एखादा विद्यार्थी मराठीच्या सवयीने डॉक्टरांना सांगतो :

माय फ्रेंड सेड दॅट आय अ‍ॅम सिक.

त्याच्या मनातील अर्थ ‘मी आजारी आहे, असे माझा मित्र म्हणाला’ असा आहे. इंग्रजीत मात्र ‘दॅट’ आल्याबरोबर ‘आय’ निवेदकाचा होतो. डॉक्टर मित्राला सोडून सांगणाऱ्याचीच नाडी पाहू लागतील! शुद्ध वाक्य असे :

माय फ्रेंड सेड दॅट ही वॉज सिक.

या प्रकरणाचे मर्म येथे आहे. अप्रत्यक्ष कथनात ‘आय’ म्हणजे निवेदक, ‘हिअर’ म्हणजे निवेदकाची जागा आणि ‘टुडे’ म्हणजे निवेदकाचा दिवस. सर्व नियम या एका सूत्रातून निघतात.

एका ऐतिहासिक वाक्याचे उदाहरण

आपल्या सर्वांना परिचित असलेले एक वाक्य घेऊ. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवला येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आपण हिंदू म्हणून जन्मलो असलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. तिच्या उत्तरार्धाचे प्रत्यक्ष कथन इंग्रजीत असे होईल :

बाबासाहेब सेड, “आय विल नॉट डाय अ हिंदू.”

आता मराठीच्या सवयीने केलेले रूपांतर पाहा : ‘बाबासाहेब सेड दॅट आय विल नॉट डाय अ हिंदू.’ येथे प्रतिज्ञा बाबासाहेबांची राहिली नाही. ती लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची झाली. बाबासाहेबांनी त्या विद्यार्थ्याविषयी भाकीत केले, असा विचित्र अर्थ निघाला. शुद्ध रूप असे :

बाबासाहेब डिक्लेअर्ड दॅट ही वुड नॉट डाय अ हिंदू.

यात तीन बदल झाले. ‘सेड’ऐवजी ‘डिक्लेअर्ड’ आले, कारण ते साधे बोलणे नसून जाहीर घोषणा होती. ‘आय’चे ‘ही’ झाले, कारण सांगणारे आपण आहोत. ‘विल’चे ‘वुड’ झाले. हा ‘वुड’ नीट समजून घेण्याजोगा आहे. बाबासाहेबांच्या दृष्टीने येवल्याच्या दिवशी ती गोष्ट भविष्यातील होती. आपल्या दृष्टीने तो दिवसही भूतकाळात गेला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेऊन बाबासाहेबांनी प्रतिज्ञा पुरी केली, तो दिवसही गेला. भूतकाळातील एका क्षणावर उभे राहून पुढे पाहिलेले जे भविष्य, ते इंग्रजी ‘वुड’ने दाखविते. ‘विल’ आणि ‘वुड’ यांच्यामधील अंतर म्हणजे वक्त्याचा दिवस आणि आपला दिवस यांमधील अंतर होय.

चार प्रश्न

कोणतेही वाक्य रूपांतरित करण्यापूर्वी स्वतःला चार प्रश्न विचारावेत : कोण बोलले? कोणाला बोलले? केव्हा बोलले? कोठे बोलले? त्यांची उत्तरे मिळाली की बदल आपोआप सुचतात.

कोण व कोणाला, यांवरून सर्वनामे ठरतात. प्रथमपुरुषी सर्वनाम वक्त्याच्या मागे जाते आणि द्वितीयपुरुषी श्रोत्याच्या मागे जाते.

शी सेड टु मी, “आय लाइक युवर हँडरायटिंग.”
शी टोल्ड मी दॅट शी लाइक्ड माय हँडरायटिंग.

येथे ‘सेड टु’चे ‘टोल्ड’ झाले. ‘टोल्ड’च्या पुढे श्रोता सांगावाच लागतो; ‘शी टोल्ड दॅट’ हे अशुद्ध होय. उलट ‘सेड’च्या पुढे श्रोता थेट येत नाही, मराठीतील ‘मला म्हणाली’वरून केलेले ‘सेड मी’ हेही अशुद्धच.

केव्हा, यावरून काळ ठरतो. निवेदनाचे क्रियापद भूतकाळी असेल तर आतील क्रियापद एक पायरी मागे जाते. ‘इज’चे ‘वॉज’, ‘गोज’चे ‘वेंट’, ‘हॅव सीन’चे ‘हॅड सीन’, ‘सॉ’चेही ‘हॅड सीन’, ‘कॅन’चे ‘कुड’, ‘मे’चे ‘माइट’ होते. सक्ती दाखविणाऱ्या ‘मस्ट’चे ‘हॅड टु’ होते. ‘वुड’, ‘कुड’, ‘शुड’, ‘माइट’ ही रूपे सामान्यतः तशीच राहतात. निवेदनाचे क्रियापद वर्तमानकाळी असेल, उदाहरणार्थ ‘ही सेज’, तर काळ बदलत नाही. त्याचप्रमाणे जे सत्य कालही होते आणि आजही आहे, ते मागे ढकलण्याचे कारण नाही :

द टीचर सेड, “द अर्थ मूव्ह्ज राउंड द सन.”
द टीचर सेड दॅट द अर्थ मूव्ह्ज राउंड द सन.

कोठे आणि कोणत्या दिवशी, यांवरून स्थळवाचक व कालवाचक शब्द ठरतात. ‘नाउ’चे ‘देन’, ‘टुडे’चे ‘दॅट डे’, ‘टुमॉरो’चे ‘द नेक्स्ट डे’, ‘यस्टर्डे’चे ‘द प्रिव्हियस डे’, ‘अगो’चे ‘बिफोर’, ‘हिअर’चे ‘देअर’, ‘धिस’चे ‘दॅट’, ही यादी मार्गदर्शकांत छापलेली असते. ती उपयोगी आहे; पण ती यंत्रासारखी वापरू नये. पनवेलच्या एस.टी. स्थानकावर उभा असलेला चालक म्हणतो :

“द बस विल स्टॉप हिअर.”

ही गोष्ट तुम्ही नंतर शाळेत येऊन सांगत असाल, तर ‘द ड्रायव्हर सेड दॅट द बस वुड स्टॉप देअर’ असे म्हणाल. परंतु त्याच स्थानकावर, त्याच फलाटावर उभे राहून शेजारच्या प्रवाशाला सांगत असाल, तर ‘हिअर’च राहील, कारण तुमची जागा आणि चालकाची जागा एकच आहे. ‘टुमॉरो’चेही तसेच. निरोप त्याच दिवशी पोहोचविला तर ‘टुमॉरो’ बदलण्याचे कारण नाही. परीक्षेच्या वाक्यात मात्र स्थळ व दिवस दिलेला नसतो. तेथे निवेदक अन्य ठिकाणी व अन्य दिवशी बोलत आहे, असे धरून उत्तर लिहावे.

प्रश्नार्थी वाक्ये

मराठीत प्रश्न अप्रत्यक्ष झाला तरी त्याची घडण बदलत नाही : ‘तू कोठे जातोस, असे त्याने विचारले.’ इंग्रजीत मात्र प्रश्नाचे विधान होते. कर्ता पुढे येतो, क्रियापद मागे जाते, ‘डू’ व ‘डिड’ गळून पडतात आणि प्रश्नचिन्हही जाते.

ही सेड टु मी, “व्हेअर आर यू गोइंग?”
ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग.

‘ही आस्क्ड मी व्हेअर वॉज आय गोइंग’ ही चूक नेहमी आढळते. ‘आस्क्ड’ या शब्दानेच प्रश्न विचारला गेल्याचे सांगितले आहे. पुन्हा प्रश्नाची रचना ठेवणे म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगणे होय. तसेच प्रश्नापूर्वी ‘दॅट’ लावू नये.

ज्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असते, तेथे ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ येते. मराठीतील ‘का’चे काम ते करते.

मदर सेड टु मी, “हॅव यू ईटन?”
मदर आस्क्ड मी इफ आय हॅड ईटन.

आज्ञार्थी वाक्ये

आज्ञा, विनंती, उपदेश या वाक्यांत ‘टु’ आणि क्रियापदाचे मूळ रूप येते. नकार असेल तर ‘नॉट टु’ येते. येथे निवेदनाचे क्रियापद निवडणे हीच खरी परीक्षा असते. ‘ऑर्डर्ड’ म्हणजे हुकूम केला, ‘टोल्ड’ म्हणजे सांगितले, ‘रिक्वेस्टेड’ म्हणजे विनंती केली, ‘अ‍ॅडव्हाइज्ड’ म्हणजे उपदेश केला. ‘प्लीज’ हा शब्द अप्रत्यक्ष कथनात राहत नाही. त्याचा अर्थ ‘रिक्वेस्टेड’मध्ये उतरतो. वक्त्याचा सूर गमावून केवळ शब्द राखणे पुरेसे नाही.

जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत बाबासाहेबांनी जो तीन शब्दांचा उपदेश केला, तो इंग्रजीत ‘एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइझ’ असा प्रसिद्ध आहे. त्याचे अप्रत्यक्ष रूप असे करता येईल :

बाबासाहेब अ‍ॅडव्हाइज्ड द पीपल टु एज्युकेट, टु अ‍ॅजिटेट अँड टु ऑर्गनाइझ.

‘ऑर्डर्ड’ लिहिले असते तर व्याकरण चुकले नसते. पण उपदेशाचा हुकूम झाला असता. व्याकरणदृष्ट्या शुद्ध वाक्यही असत्य असू शकते, हे यावरून ध्यानात यावे.

उद्गारार्थी वाक्ये

उद्गारवाचक वाक्यात ‘हाउ’ किंवा ‘व्हॉट’ जाऊन ‘व्हेरी’ येते आणि भाव क्रियापदाने दाखविला जातो. कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यात सहलीला गेलेली मुलगी म्हणते :

द गर्ल सेड, “व्हॉट अ ब्यूटिफुल बर्ड इट इज!”
द गर्ल एक्सक्लेम्ड दॅट इट वॉज अ व्हेरी ब्यूटिफुल बर्ड.

आनंद व्यक्त होत असेल तर ‘एक्सक्लेम्ड विथ जॉय’, दुःख असेल तर ‘एक्सक्लेम्ड विथ सॉरो’ असे लिहावे. ‘हुर्रा’, ‘अलास’ हे शब्द गळून पडतात.

उलट रूपांतराची मर्यादा

अप्रत्यक्ष कथनाचे पुन्हा प्रत्यक्ष कथन करावयास सांगितले, तर चार प्रश्न तेच राहतात. केवळ दिशा बदलते. परंतु या दिशेने जाताना एक अडचण येते. ‘शी सेड दॅट शी हॅड लॉस्ट द की’ या वाक्यामागील मूळ शब्द कोणते? ‘आय लॉस्ट द की’ असतील किंवा ‘आय हॅव लॉस्ट द की’ असतील. दोन्ही वाक्ये अप्रत्यक्ष होताना ‘हॅड लॉस्ट’ या एकाच रूपाला येऊन मिळतात. परीक्षेत यांपैकी कोणतेही एक उत्तर योग्य ठरेल. परंतु जीवनात मात्र एकदा अप्रत्यक्ष झालेले बोलणे पूर्णपणे परत मिळत नाही, ही गोष्ट या प्रकरणाने शिकविली आहे.

अवतरणचिन्हांची जबाबदारी

म्हणूनच अवतरणचिन्हे ही केवळ विरामचिन्हे नव्हेत. ती उघडणारा माणूस वाचकाला आश्वासन देतो की, आतील शब्द मूळ वक्त्याचेच आहेत, तेच आहेत आणि त्याच क्रमाने आहेत. अप्रत्यक्ष कथन करणारा शब्दांचे आश्वासन देत नाही. पण अर्थाचे देतो.

वरील तीन शब्दच पाहा. मराठीत ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ ही घोषणा घरोघर रूढ झाली आहे. इंग्रजी शब्दांत दुसरे स्थान ‘अ‍ॅजिटेट’चे आहे आणि तिसरे ‘ऑर्गनाइझ’चे, मराठी घोषणेत संघटना आधी येते. घोषणा म्हणून मराठी रूप जिवंत आहे आणि राहील. परंतु निबंधात इंग्रजी अवतरणचिन्हे उघडून बाबासाहेबांचे शब्द म्हणून लिहावयाचे असेल, तर क्रम मूळचाच ठेवावा लागेल. थोर पुरुषांविषयी आदर असेल, तर त्यांच्या तोंडी न बोललेला शब्द घालू नये आणि बोललेला शब्द हलवू नये.

परंपरा सांगते की, भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहात महाकस्सपांच्या अध्यक्षतेखाली पहिली धम्मसंगीती भरली आणि आनंदांनी ऐकलेली वचने संघासमोर सांगितली. म्हणूनच सुत्तांच्या आरंभी, असे मी ऐकले आहे, या अर्थाची ग्वाही येते. त्या ग्वाहीतील ‘मी’ निवेदकाचा आहे आणि पुढे येणारा उपदेश बुद्धांचा आहे. दोहोंची सरमिसळ होत नाही. निवेदक कोण आणि वक्ता कोण, हे वेगळे राखण्याची शिस्त इतकी जुनी आहे.

तुमच्यापैकी कोणी उद्या वार्ताहर होईल, कोणी वकील होईल, कोणी तलाठी कार्यालयात गावकऱ्याचा जबाब लिहून घेईल. ज्यांचे म्हणणे दीर्घकाळ दुसऱ्यांनीच, दुसऱ्यांच्या शब्दांत लिहिले, अशा माणसांचे बोलणे कागदावर उतरविण्याचे काम तुमच्या हाती येईल. तेव्हा ‘ही सेड’ आणि ‘ही अ‍ॅडमिटेड’ यांतील फरक हा गुणांचा फरक राहणार नाही. ‘तो म्हणाला’ येथे ‘त्याने कबूल केले’ असे लिहिल्याने निरपराध माणूस दोषी ठरू शकतो. एका क्रियापदाचे वजन एवढे असते.

सरावासाठी रोज एक वाक्य पुरे आहे. सकाळच्या परिपाठात किंवा जेवणाच्या रांगेत ऐकलेले कोणाचे तरी एक वाक्य वहीत प्रथम अवतरणचिन्हांत लिहावे आणि मग चार प्रश्न विचारून अप्रत्यक्ष करावे. वर्षभरात विधान, प्रश्न, आज्ञा, उद्गार हे सर्व प्रकार हातून जातील आणि यादी पाठ करण्याची गरज उरणार नाही.

स्वाध्याय

पुढील वाक्यांचे अप्रत्यक्ष कथन करा. सहाव्या वाक्याचे इंग्रजी करा. ते तुम्ही पनवेलमध्येच, पण काही दिवसांनी सांगत आहात.

१. द टीचर सेड टु अस, “यू मस्ट रिटर्न धीज बुक्स टुमॉरो.”
२. द कंडक्टर सेड टु द ओल्ड वूमन, “व्हेअर डू यू वॉन्ट टु गेट डाउन?”
३. माय सिस्टर सेड, “आय हॅव नॉट सीन द सी.”
४. द वॉर्डन सेड टु द बॉइज, “डोन्ट रन ऑन द स्टेअर्स.”
५. द बॉय सेड टु हिज फ्रेंड, “प्लीज लेंड मी युवर पेन.”
६. बाबा म्हणाले की मी उद्या पनवेलला येतो.

उत्तरे

१. द टीचर टोल्ड अस दॅट वी हॅड टु रिटर्न दोज बुक्स द नेक्स्ट डे.
२. द कंडक्टर आस्क्ड द ओल्ड वूमन व्हेअर शी वॉन्टेड टु गेट डाउन.
३. माय सिस्टर सेड दॅट शी हॅड नॉट सीन द सी.
४. द वॉर्डन टोल्ड द बॉइज नॉट टु रन ऑन द स्टेअर्स.
५. द बॉय रिक्वेस्टेड हिज फ्रेंड टु लेंड हिम हिज पेन.
६. फादर सेड दॅट ही वुड कम टु पनवेल द नेक्स्ट डे. (निवेदक पनवेलमध्येच असल्यामुळे ‘कम’ कायम राहिले, दिवस उलटून गेल्यामुळे ‘टुमॉरो’ मात्र बदलले.)

पाचव्या उत्तरात ‘हिम’ म्हणजे पेन मागणारा आणि ‘हिज’ म्हणजे पेनाचा मालक, हे वाचकाला संदर्भावरूनच कळते. जेथे असा संदेह उत्पन्न होईल, तेथे सर्वनामाऐवजी सरळ नाव लिहावे. कोण बोलले आणि कोणाविषयी बोलले, याबाबत वाचकाच्या मनात शंका उरू नये, हाच या सर्व नियमांचा हेतू आहे.